जुन्या महिंद्रा जीपसाठी बदली डिझेल इंजिन: प्यूजो, एमडीआय की सीआरडीई?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे जांबोटी, कणकुंबी, नेरसे या बाजूला, महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० आणि सीएल ५५० जीपा आजही शेतीच्या कामात आहेत. पत्रा बदलून घेता येतो, चासीला जोड देता येतो, पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, नवे भरता येतात. पण इंजिन थकले की मालकाला खरा निर्णय घ्यावा लागतो. त्या वेळी गॅरेजमध्ये जो भेटेल तो आपल्या माहितीतले एखादे इंजिन सुचवतो, आणि बहुतेक वेळा ती शिफारस अश्वशक्तीच्या आकड्यावर उभी असते. हे परीक्षण मी त्यासाठीच लिहीत आहे. माझ्या एमएम ५४० मध्ये नव्याने बांधलेले प्यूजो इंजिन आहे, आमच्या मेहुण्यांच्या सीएल ५५० मध्ये टर्बो असलेले एमडीआय, म्हणजे महिंद्राचे थेट फवाऱ्याचे डिझेल इंजिन आहे, आणि सीआरडीई, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या नव्या डिझेल इंजिनाची, महिंद्राची थार माझ्या पुतण्याकडे आहे. तिन्ही गाड्या मी एकाच प्रकारच्या रस्त्यांवर, पावसात आणि उन्हाळ्यात, ओझे घेऊन आणि रिकाम्या अशा चालवल्या आहेत. माझे मत असे की बदली इंजिन निवडताना आधी आपल्या गाडीचा एक्सल (चाके फिरवणारा आस) आणि आरसी, म्हणजे नोंदणीचे पुस्तक पाहावे, त्यानंतर गिअरबॉक्स पाहावा, आणि इंजिनाची ताकद सर्वांत शेवटी विचारात घ्यावी.

प्रथम प्यूजोविषयी. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि पुढे हेच इंजिन एमएम ५४० मध्ये आले. ९० मिलिमीटर बोअर, ८३ मिलिमीटर स्ट्रोक, २,११२ सीसी, आणि मिनिटाला ४,५०० फेऱ्यांना ६२ अश्वशक्ती असे त्याचे माप आहे. त्याचा मोठा भाऊ एक्सडी३पी हा २,४९८ सीसीचा. तो २००० साली आलेल्या पहिल्या बोलेरोत होता. दोन्हींमध्ये डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातल्या, छोट्या कोठडीत फवारले जाते आणि तिथून पेटत बाहेर येते. या रचनेमुळे इंजिन मऊ चालते, खडखड कमी असते आणि ते वरच्या फेऱ्यांपर्यंत सहज जाते. मात्र कोठडीच्या भिंतींतून उष्णता वाया जात असल्यामुळे थेट फवाऱ्याच्या इंजिनापेक्षा त्याला डिझेल जास्त लागते, सकाळी हीटर प्लग तापल्याशिवाय ते सुरू होत नाही, आणि पाण्याकडे दुर्लक्ष झाले तर हेड वाकते. डिसेंबर-जानेवारीत कणकुंबीच्या बाजूला पहाटे चांगलीच थंडी असते. चारपैकी दोन हीटर प्लग जरी गेलेले असले तरी बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारत बसावे लागते. त्यामुळे प्यूजो घेणाऱ्याने हीटर प्लग, त्यांची वायर आणि रिले हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

चालवण्यात प्यूजोचा स्वभाव सौम्य आहे. खालच्या फेऱ्यांना त्याचा जोर, म्हणजे ओढण्याची ताकद (टॉर्क), बेताचा, सुमारे १२० न्यूटन-मीटर आहे. भाताच्या रोपांच्या पेंढ्या भरून शेताच्या बांधावरून गाडी वर काढायची असेल, तर वेळेवर फोर व्हील आणि लो, म्हणजे संथ पण जोराची गिअर-जोडी, टाकावा लागतो. हायमध्ये पहिल्या गिअरवर ओढण्याचा हट्ट धरला तर क्लच जळतो. पण एकदा लो टाकला की हे इंजिन इतक्या संथपणे आणि अंदाजात गाडी नेते की जांभ्याच्या ओल्या चिखलात चाक फिरून खड्डा पाडण्याचा प्रसंग फारसा येत नाही. चिखलात अचानक उसळणारा जोर नेहमी कामाचा असतोच असे नाही. याच कारणामुळे आमच्या भागातले जुने ड्रायव्हर अजून प्यूजोला मान देतात आणि तो मान रास्त आहे.

एमडीआयची जात वेगळी आहे. हे इंजिन मूळचे इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातले; ८८.९ मिलिमीटर बोअर आणि १०१.६ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच, असे जुने इंग्रजी माप त्यात अजून टिकून आहे. एकूण २,५२३ सीसी. लांब स्ट्रोक, थेट फवारा, आणि फेऱ्यांची मर्यादा ३,२००. त्यावरूनच त्याचे एमडीआय ३२०० हे नाव रूढ झाले. २०१० मध्ये आलेल्या थार डीआयमध्ये टर्बो लावलेल्या याच इंजिनाची ताकद ६३ अश्वशक्ती आणि जोर १८२.५ न्यूटन-मीटर होता, आणि तो जोर १,५०० ते १,८०० फेऱ्यांमध्येच हाती येतो. अश्वशक्तीचा आकडा प्यूजोच्या बरोबरीचा, पण जोर दीडपट. आणि तोही प्यूजो जिथे अजून श्वास घेत असतो तिथे. गोव्याकडून चोर्ला घाट चढताना हा फरक सर्वांत स्पष्ट कळतो. माझी जीप ज्या वळणावर दुसऱ्या गिअरची मागणी करते, तिथे मेहुण्यांची सीएल तिसऱ्यावर शांतपणे निघून जाते.

एमडीआयचे आणखी एक मोठे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे सुटे भाग आणि त्याचे मिस्त्री. बोलेरो डीआय आणि पिकअपमुळे हे इंजिन खेडोपाडी पोचले आहे. नंदगड, खानापूर, संकेश्वर, निपाणी, कुठेही गेलात तरी त्याचे गॅस्केट, रिंग सेट, बेअरिंग शेल आणि पाण्याचा पंप मिळतो, आणि ते उघडून पुन्हा बांधणारा माणूसही त्याच गावात असतो. प्यूजोचे भाग अजून मिळतात, परंतु ते शोधावे लागतात. चांगल्या दर्जाचा हेड गॅस्केट पाहिजे असेल तर बेळगाव किंवा कोल्हापूर गाठावे लागते, आणि निकृष्ट नकला इतक्या आहेत की डोळे मिटून काहीही घेऊ नये.

मग सगळ्यांनी एमडीआयच का बसवू नये? याचे उत्तर एक्सलमध्ये आहे, आणि हा भाग मी सविस्तर लिहितो, कारण अनेकांचे पैसे इथेच वाया जाताना मी पाहिले आहेत. अनेक जुन्या जीपांच्या डिफरन्शियलला (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीला) ४३ दातांचे क्राउन आणि ८ दातांचे पिनियन असते, म्हणजे प्रमाण ५.३८: शाफ्टच्या ५.३८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. आपल्या गाडीचे प्रमाण ओळखण्यासाठी डिफरन्शियल उघडण्याची गरज नाही: मागची दोन्ही चाके जॅकवर उचलावीत, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, पुढच्या चाकांना दगड लावावेत, दोन्ही मागची चाके मिळून एक पूर्ण फेरी फिरवावीत आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणारा दांडा) किती फिरला ते खडूच्या खुणेवर मोजावे. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या भागापेक्षा थोडी जास्त फेरी भरली, तर तो ५.३८ चा एक्सल.

आता हिशेब करू. ६.००-१६ च्या टायरचा घेर साधारण २.२७ मीटर असतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. त्यामुळे ५.३८ च्या एक्सलवर एमडीआय आपल्या ३,२०० फेऱ्यांच्या कमाल मर्यादेला पोचले, तरी गाडीचा वेग ताशी सुमारे ८१ किलोमीटरच होतो. आणि इंजिनाला सुखावणाऱ्या २,६०० फेऱ्यांवर तो ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास राहतो. त्याच एक्सलवर ४,५०० फेऱ्यांपर्यंत जाणारे प्यूजो कागदावर ताशी ११४ पर्यंत पोचते, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरला त्याच्याकडे अजून भरपूर वाव शिल्लक असतो. ज्यांची जीप फक्त शेत ते गाव एवढ्याच फेऱ्या करते, त्यांना याने फरक पडत नाही. परंतु ज्यांना आठवड्यातून एकदा बेळगावला जावे लागते आणि राष्ट्रीय महामार्गावर मागून येणाऱ्या ट्रकांच्या पुढे राहावे लागते, त्यांना ५.३८ वर बसवलेले एमडीआय सतत ओरडत असल्यासारखे वाटते. उपाय म्हणजे ४.२७ सारख्या प्रमाणाचा एक्सल. त्यावर ३,२०० फेऱ्यांना ताशी १०२ किलोमीटर मिळतात. पण फोर व्हील गाडीत पुढचा आणि मागचा दोन्ही एक्सल एकाच प्रमाणाचे हवेत, नाहीतर फोर व्हील टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी पेटी) आणि शाफ्ट एकमेकांशी भांडतात. म्हणजे इंजिनासोबत दोन्ही डिफरन्शियलचा खर्च आला. मेहुण्यांच्या सीएल ५५० मध्ये मूळचेच एमडीआय होते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत एक्सल, माउंटिंग आणि कागद हे तिन्ही प्रश्न उद्भवले नाहीत. त्यांनी जुन्या एमडीआयच्या जागी टर्बोचे एमडीआय घेतले आणि टर्बोची नोंद आधी आरटीओत विचारून घेतली. त्यांच्या गाडीसाठी यापेक्षा योग्य निवड मला दिसत नाही.

एमडीआय प्यूजोपेक्षा जडही आहे. प्यूजोच्या जागी ते बसवले तर पुढचे पाटे बसतात, स्टिअरिंग जड होते, आणि ओल्या उतारावर गाडीचे तोंड आधी खाली खचते. पाट्यांना एक पान वाढवून हे बरेचसे सुधारते, पण रिकाम्या गाडीत मग दणके बसतात. शिवाय एमडीआयची कंपने मोठी असतात. माउंटिंगचे रबर मूळ दर्जाचे नसेल तर डॅशबोर्डपासून मडगार्डपर्यंत सगळा पत्रा बोलू लागतो. क्लचविषयीही तेच. दीडपट जोर जुन्या क्लच प्लेटवरून गेला की ती घसरते, म्हणून प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेट एमडीआयच्याच मापाची हवी. किया कंपनीच्या परवान्यावर बनलेला चार गिअरचा केएमटी ९० हा गिअरबॉक्स जुन्या जीपांमध्ये बऱ्याच ठिकाणी आहे; तो एमडीआयचा जोर झेलतो, परंतु त्याचे बेअरिंग आणि सिंक्रो रिंग आधीच झिजलेले असतील, तर नवे इंजिन त्याला लवकर संपवते.

सीआरडीईविषयी तरुण मंडळींचा आग्रह असतो, आणि तो मी समजू शकतो. थारमधले २,४९८ सीसीचे सीआरडीई १०५ अश्वशक्ती आणि २४७ न्यूटन-मीटर देते. ते चालवताना प्यूजो आणि एमडीआय दोन्ही जुन्या काळातली वाटतात. पुतण्याची थार कंपनीनेच त्या इंजिनासाठी घडवलेली आहे आणि ती उत्तम गाडी आहे. पण तेच इंजिन काढून जुन्या जीपमध्ये भरणे हे वेगळे काम आहे. त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक), संपूर्ण वायरिंग, चावीचा इमोबिलायझर, पेडलचा सेन्सर, इंटरकूलर, आणि डिझेलच्या टाकीतून येणारी-जाणारी स्वच्छ लाइन असे सगळे आणावे लागते. रेलमधला, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब हजार बारपेक्षा जास्त असतो. जुन्या टाकीतला गंज किंवा पाण्याचा थेंब इंजेक्टरपर्यंत पोचला, तर एका इंजेक्टरच्या दुरुस्तीतच प्यूजोचे अर्धे इंजिन बांधून होते. आणि जुलै महिन्यात, ओढ्याला पाणी असताना, भीमगड अभयारण्याच्या कडेच्या एखाद्या गावाजवळ सेन्सर गेला, तर तिथे स्कॅनर घेऊन कोणी येत नाही. प्यूजो आणि एमडीआय या दोन्ही इंजिनांना संगणकाशिवाय चालणारा यांत्रिक डिझेल पंप असतो. एकदा सुरू झाली की हवा स्वच्छ आणि डिझेल स्वच्छ असेपर्यंत ती चालत राहतात. पावसाळ्यातल्या कामासाठी मी या गोष्टीला अश्वशक्तीपेक्षा कितीतरी जास्त वजन देतो. सीआरडीईचा जोर जुन्या गिअरबॉक्सने आणि मागच्या हाफ शाफ्टने सोसावा अशी अपेक्षाही ठेवता येत नाही.

क्वालिसचे टू-एल इंजिन, २,४४६ सीसीचे, आणि टेम्पो ट्रॅक्सचे मर्सिडीज घराण्यातले ओएम ६१६ ही दोन्ही इंजिने जीपमध्ये बसवलेली मी पाहिली आहेत. दोन्ही मुळात चांगली आहेत. क्वालिसचे इंजिन फार गोड चालते, मात्र त्याला टायमिंग बेल्ट आहे आणि चिखल-पाण्यात फिरणाऱ्या गाडीत बेल्टची मुदत काटेकोर पाळावी लागते. ओएम ६१६ ला चेन आहे आणि ते दीर्घायुषी आहे. परंतु दोघांनाही जीपच्या गिअरबॉक्सशी जोडण्यासाठी मधली प्लेट बनवून घ्यावी लागते, आणि दुसऱ्या कंपनीचे इंजिन असल्यामुळे कागदांचा प्रश्न आणखी अवघड होतो. त्या प्लेटविषयी एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. एका वर्कशॉपमध्ये अशी प्लेट फक्त नजरेने आणि पंचाने मध्य साधून बनवली होती. परिणामी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट इंजिनाच्या मध्याशी जुळला नाही, पायलट बेअरिंग गेले आणि त्यामागोमाग क्लच प्लेटचे मधले बूडही फाटले. बेल हाउसिंगचा, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाचा, मध्य डायल गेज लावून पाहिलाच पाहिजे आणि फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी आला पाहिजे. जो कारागीर डायल लावण्यास नकार देतो, त्याच्याकडे हे काम देऊ नये.

आता कागदांविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमधला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला स्वतःच्या मनाने करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. प्यूजोच्या जागी प्यूजो, त्याच प्रकारचे आणि त्याच सीसीचे, अशा बदलात इंजिन क्रमांक बदलतो आणि त्याची नोंद आरटीओकडून करून घ्यावी लागते. हे काम होण्यासारखे आहे. २,११२ सीसीच्या जागी २,५२३ सीसीचे एमडीआय किंवा टोयोटाचे इंजिन बसवून तशी नोंद मागणे ही गोष्ट वेगळी, आणि बसवण्याआधी लेखी परवानगी मिळत नसेल तर तिथेच थांबावे. बेळगाव व खानापूरच्या गाड्या केए २२ या नोंदणी मालिकेत, चिक्कोडी व निपाणीच्या केए २३ मध्ये येतात. ज्या कार्यालयात गाडीची नोंद आहे त्याच कार्यालयात आधी विचारणा करावी. आपल्या जीपा पंधरा वर्षे केव्हाच ओलांडून गेलेल्या आहेत आणि दर पाच वर्षांनी त्यांच्या नोंदणीचे नूतनीकरण होते. त्या वेळी निरीक्षक चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही पाहतो, आणि तो जुळला नाही तर चांगली चाललेली गाडी अंगणात उभी राहते. विम्याच्या दाव्याच्या वेळीही हाच क्रमांक पाहिला जातो.

सीमाभागात याला एक खास बाजू आहे. आपल्याकडे येणारी बरीच जुनी इंजिने कोल्हापूर आणि सिंधुदुर्गाकडून येतात, काही गोव्यातून. त्यांचे बिल मराठीत असते आणि ते वाचणारे कार्यालय कन्नड आणि इंग्रजीत काम करते. त्यात काही गैर नाही, पण बिलावरचा इंजिन क्रमांक, ज्या गाडीतून इंजिन काढले तिचा नोंदणी क्रमांक आणि चासी क्रमांक हे सगळे इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत लिहून घ्यावे, त्या गाडीच्या आरसीची प्रत जोडून घ्यावी, आणि ब्लॉकवर कोरलेला क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर इंजिन कितीही स्वस्त असले तरी ते सोडून द्यावे. चोरीच्या गाडीचे इंजिन चुकून घरात आले तर त्याचा त्रास वर्षानुवर्षे पुरतो.

मी माझ्यासाठी प्यूजोच निवडले त्याची कारणे यावरून लक्षात येतील. माझा एक्सल ५.३८ चा आहे, आरसीवर एक्सडीपी आहे, माउंटिंग आणि बेल हाउसिंग जागच्या जागी आहेत, आणि माझ्या गाडीला महिन्यातून काही वेळा बेळगावला जावे लागते. मूळ ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटपाशी तडा गेला होता आणि तो शिवून वापरण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्याच प्रकारचे हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनचा खालचा भाग, विकत घेतले आणि हेड, पंप, स्टार्टर माझेच ठेवले. ज्यांच्याकडे हे वरचे भाग चांगले नाहीत त्यांनी पूर्ण इंजिन घ्यावे, आणि ‘पूर्ण’ म्हणताना डिझेल पंप, इंजेक्टर, स्टार्टर, अल्टरनेटर, फ्लायव्हील, आणि एमडीआय टर्बो असेल तर टर्बो व त्याचे तेलाचे पाइप हे सगळे त्यात आहे का ते लिहून घ्यावे. अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप आहे की नाही तेही पाहावे. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला तिथूनच ओढ मिळते, आणि तो पंप नसलेले अल्टरनेटर गळ्यात पडले तर ब्रेक पेडल दगडासारखे होते.

जुने इंजिन पारखताना ते थंड असताना सुरू करायला लावावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. सुरू होताच येणारा पांढरा धूर काही वेळात विरला पाहिजे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, आणि ओझ्याविना काळा धूर म्हणजे पंप किंवा इंजेक्टर बिघडले आहेत. तेल भरायचे झाकण उघडून वर हात धरावा: थोडी वाफ चालेल, पण हाताला ठोसे बसत असतील तर रिंगा संपल्या आहेत. इंजिन चांगले तापल्यावर संथ चालीत तेलाचा दाब पाहावा, कारण थंड तेलावर झिजलेले बेअरिंगही चांगला दाब दाखवते. रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून फेऱ्या वाढवल्या आणि पाण्यात सतत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट किंवा हेड गेलेले आहे. आणि शक्य असेल तर चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा कमी-जास्त असला तरी चालेल, पण चारांपैकी एकच खूप खाली असेल तर ते इंजिन उघडावेच लागणार.

बेळगावच्या उद्यमबागेविषयी मला मनापासून लिहावेसे वाटते. ओतकाम, क्रँक ग्राइंडिंग, बोअरिंग, होनिंग, हेड फेसिंग, इंजेक्टर आणि पंपाची टेस्ट बेंच, ही सगळी कामे एका औद्योगिक वसाहतीत, पायी जाण्याच्या अंतरावर होतात. इतकी सोय असलेले शहर आपल्या भागात आहे याची किंमत आपण पुरेशी ओळखत नाही. माझा क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) पहिल्याच अंडरसाइजला, म्हणजे पाव मिलिमीटर घासून, साफ झाला. काम करणाऱ्या वयस्कर कारागिराने प्रत्येक जर्नलचे, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचे, माप मायक्रोमीटरने दोन दिशांनी घेऊन मला कागदावर लिहून दिले आणि म्हणाला, “काका, हा कागद जपून ठेवा, पुढच्या वेळी जो हे इंजिन उघडेल त्याला लागेल.” ज्या ठिकाणी असा मापांचा कागद मिळतो तिथेच काम द्यावे, मग दर थोडा जास्त का असेना. बोअर करताना पिस्टन आधी हातात असावेत आणि प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनच्या मापावर काढलेला असावा. पिस्टन नंतर आणू असे म्हणणाऱ्याला घाई आहे, एवढे समजावे.

डिझेल पंप टेस्ट बेंचवर लावून घ्यावा आणि स्क्रू पिळून डिझेल वाढवण्याचा मोह टाळावा. त्याने ताकद थोडी वाढल्यासारखी वाटते, पण एक्झॉस्टची उष्णता आणि धूर दोन्ही वाढतात. आपल्या जीपांसारख्या जुन्या, म्हणजे भारत स्टेज ४ या प्रदूषण नियमाच्या आधीच्या, डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) आहे. नीट लावलेल्या पंपाचे प्यूजो किंवा एमडीआय ती सहज पाळते, पिळलेल्या पंपाचे इंजिन पीयूसीच्या यंत्रावरच अडकते.

रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून, नव्या होजसह आणि चांगल्या थर्मोस्टॅटसह बसवावा. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याने इंजिन नेहमी थंड राहते, डिझेल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. आपल्या भागात खरा त्रास रेडिएटरच्या जाळीत बसणाऱ्या लाल चिखलाचा असतो. तो वाळण्याआधी मागच्या बाजूने, पंख्याकडून पुढे, पाणी मारून धुवावा. हवेच्या फिल्टरचे तोंड बॉनेटच्या वरच्या कडेपर्यंत आणावे, कारण या जुन्या इंजिनांना बाहेरून भिजण्याचे भय नाही, पण हवेच्या वाटेने पाणी आत गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर माझी जीप मी ओझ्याविना, परंतु एकाच वेगाने न चालवता, चढ-उताराच्या रस्त्यावर चालवली. पाचशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलले आणि हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा ठरलेल्या क्रमाने आवळले. आता ती ताशी ६० किलोमीटरला निवांत धावते, पावसाळ्यात चिखलातून ओझे आणते, आणि तेल खात नाही. डिझेल ती एमडीआयपेक्षा जास्त खाते आणि घाटात मागे राहते. ज्याला हे चालणार नाही त्याने प्यूजो घेऊ नये. ज्याच्या आरसीवर एमडीआय आहे त्याने दुसरे काही पाहू नये, पण टर्बोची नोंद आधी आरटीओत विचारून घ्यावी आणि गाडी थांबवल्यावर बंद करण्याआधी इंजिन मिनिटभर संथ चालू ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगला शेवटपर्यंत तेल मिळते. आणि ज्याच्या आरसीवर प्यूजो असूनही मन एमडीआयवर बसले आहे, त्याने इंजिनाची इसार रक्कम देण्याआधी आरटीओत अर्ज देऊन लेखी उत्तर हाती घ्यावे.